पत्र्याच्या भोकातला सूर्य

पत्र्याला पडलेलं भोक कुठल्याही आकाराचं असो, खाली जमिनीवर पडणारा कवडसा गोलच असतो. तिरका ठोकलेला खिळा उपसला की भोक लांबट राहतं, वाऱ्यात पत्रा हलून हलून ते फाटतं, गंजलेल्या जागी तर त्याला काही आकारच नसतो. फरशीवर मात्र उजेडाचे गोल. दुपारी नीट वाटोळे, सकाळी आणि उतरत्या उन्हात लांबट झालेले, पण कोपरा एकालाही नाही.

मी सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आमच्या शाळेची नवी इमारत स्लॅबची आहे, जुन्या वर्गांवर अजून पत्रा आहे, आणि प्रकाशाचा धडा आला की मी मुलांना मुद्दाम त्या जुन्या वर्गात नेते. प्रकाश सरळ रेषेत जातो, अपारदर्शक वस्तूची सावली पडते, गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचं परावर्तन होतं ही वाक्यं मुलं एका तासात पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि वरच्या वर्गात जातात. आकृतीत सूर्य म्हणजे एक ठिपका असतो, त्यातून पट्टीनं आखलेले किरण निघतात आणि सावली काळ्या शाईनं कडेपर्यंत भरलेली असते. बाहेरच्या उन्हात असा ठिपका सापडत नाही आणि अशी सावलीही सापडत नाही. सूर्याला आकार आहे. मुलांना प्रकाश शिकवायचा तर सुरुवात इथून करावी, असं मला मनापासून वाटतं. कारण एकदा हे पटलं की कवडसा, सावली, आरसा, ग्रहण या वेगवेगळ्या पानांवरच्या गोष्टी एकाच गोष्टीत येऊन मिळतात.

"कवडसा गोल का?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं. "बाई, भोक गोल असेल." मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला आम्ही हरभऱ्याएवढं त्रिकोणी भोक पाडतो आणि तो पुठ्ठा उन्हात धरतो. जमिनीजवळ धरला की उजेडाचा स्वच्छ त्रिकोण पडतो. गुडघ्याइतका वर नेला की कोपरे बोथट होतात. एखादी मुलगी वरच्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन तोच पुठ्ठा धरते तेव्हा अंगणात पुठ्ठ्याच्या पुसट सावलीच्या मधोमध एक गोल उमटतो. भोक तेच. त्रिकोण कुठे गेला?

हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर प्रश्नांचा एक ग्रीक संग्रह आहे, त्यात तो जवळजवळ याच शब्दांत येतो: वेताच्या विणीतल्या चौकोनी फटींतून आलेला सूर्यप्रकाश चौकोनी न पडता गोल का पडतो? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न आहे, की ग्रहणाच्या वेळी पानांतून झिरपणारा उजेड चंद्रकोरीच्या आकाराचा का होतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञांनी अकराव्या शतकात कैरोमध्ये ग्रहणाच्या या कोरींवर स्वतंत्र लेखन केलं. पण शाळेतल्या मुलाला हातानं करून बघता येईल अशी उकल केपलर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची आहे, १६०४ सालच्या त्याच्या प्रकाशावरच्या ग्रंथात दिलेली.

केपलरनं सूर्य बाजूला ठेवला. सूर्याच्या जागी एक पुस्तक उंचावर धरलं. खाली जमीन, आणि दोघांच्या मध्ये अनेक कोन असलेलं भोक पाडलेली फळी. मग पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधला, तो भोकातून खाली ताणला आणि भोकाच्या कडेकडेनं फिरवत जमिनीवर त्याचं टोक जिथे टेकेल तिथे खडूनं खूण केली. जमिनीवर भोकाची आकृती उमटली. दोरा पुस्तकाच्या दुसऱ्या कोपऱ्याला बांधला, पुन्हा भोकाचीच आकृती, पण सरकलेली. असं पुस्तकाच्या सगळ्या कडेनं करत गेल्यावर जमिनीवर भोकाच्या आकृत्यांची गर्दी झाली आणि त्या गर्दीचा एकूण आकार पुस्तकाचा झाला. ताणलेला दोरा म्हणजे प्रकाशाचा किरण. यात गणित नाही की सूत्र नाही.

आम्ही हे वर्गात करतो. खिडकीच्या गजांना एक पाटी आडवी बांधायची, दोन बाकांच्या मध्ये चांदणीच्या आकाराचं भोक पाडलेला खोक्याचा पुठ्ठा, आणि सुतळीऐवजी रीळाचा जाड दोरा, कारण सुतळी भोकाच्या कडेला अडकते. पहिली पंधरा मिनिटं भांडणात जातात. दोरा सैल पडतो, कुणाचा तरी पाय खडूच्या रेघेवर पडतो, पुठ्ठा हलतो. मग फरशीवर चांदण्या जमायला लागतात, एकीवर एक, शेजारी शेजारी, आणि कुणीतरी मागे सरून म्हणतं, "बाई, ही तर पाटीच झाली." उलटी पाटी. वरच्या कोपऱ्यातून आलेला दोरा खाली गेला, डावीकडून आलेला उजवीकडे. सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात, म्हणजे पिनहोल कॅमेऱ्यात, मेणबत्तीची ज्योत उलटी का दिसते, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ज्या वर्षी एवढा वेळ मिळत नाही त्या वर्षी मी बटाट्याच्या ठशावर भागवते. चित्रकलेच्या तासाला करतात तसाच छोटा त्रिकोणी ठसा कापायचा, कागदावर वाटी ठेवून वर्तुळ काढायचं आणि त्या वर्तुळात कडेपर्यंत ठसे उमटवत सुटायचं. शेवटी कागदावर जो रंगाचा डाग उरतो तो गोल असतो, फक्त कडेला त्रिकोणाची किंचित खरखर. वर्तुळ म्हणजे सूर्याचं बिंब, ठसा म्हणजे भोक. सूर्याच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश खाली भोकाचा एकेक ठसा उमटवतो. भोक लहान आणि जमीन लांब असली की त्या सगळ्या ठशांचा मिळून सूर्य होतो.

म्हणजे वर्गाच्या फरशीवर पडलेला प्रत्येक कवडसा हा सूर्याचा फोटो आहे. हे वाक्य मी मुलांना आधी सांगत नाही. ते त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून येईपर्यंत थांबते, आणि ते येतं.

एकदा हे कळलं की फोटोवरून मापं काढता येतात. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं तर १०७ च्या आसपास उत्तर येतं. कवडशालाही तेच प्रमाण लागू होतं. भोकापासून एक मीटरवर सव्वानऊ मिलिमीटरांचा सूर्य, तीन मीटरवर जवळजवळ २८ मिलिमीटरांचा. मुलं पुठ्ठा उन्हाच्या काटकोनात धरतात, फूटपट्टीनं गोल मोजतात, अंतराला त्यानं भागतात आणि कधी शंभर, कधी एकशेदहा असं काहीतरी काढतात. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या वस्तूबद्दलचं एक खरं माप फूटपट्टीनं निघतं, यानं मला दर वर्षी नव्यानं भरून येतं.

हे प्रमाण १०८ च्या इतकं जवळ आहे की जपमाळेतल्या मण्यांशी त्याचा संबंध जोडायचा मोह अनेकांना होतो. पालकसभेतही हा विषय निघतो. मी तो जोडत नाही. पृथ्वी सूर्याभोवती नेमक्या वर्तुळात फिरत नाही, जानेवारीत ती जवळ असते आणि जुलैत लांब, त्यामुळे हे प्रमाण वर्षभरात साधारण १०६ ते १०९ असं बदलत राहतं. मुलांना हा बदल सांगावा. मापाला किती जागा सोडायची, हेही त्यांना त्याच वेळी कळतं.

आणखी एक खेळ फार सोपा आहे. कवडशाभोवती खडूनं रेघ ओढायची आणि घड्याळ लावायचं. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि त्याचं स्वतःचं बिंब अर्ध्या अंशाहून किंचित मोठं आहे, म्हणून साधारण दोन मिनिटांत कवडसा आपली जागा पूर्ण सोडून शेजारी जाऊन बसतो. पृथ्वी फिरते हे मुलांनी पाठ केलेलं असतं. ती एवढ्या वेगानं फिरते हे त्यांना खडूच्या रेघेवर दिसतं.

आता सावली. सावलीच्या कडेकडे नीट बघायला शिकवणं हा माझा आवडता तास. विजेच्या खांबाची सावली बुंध्याशी धारदार असते आणि टोकाकडे जाता जाता मऊ होत जाते. सूर्य ठिपका असता तर ती टोकापर्यंत तशीच कापल्यासारखी राहिली असती. बिंब मोठं असल्यामुळे सावलीच्या काठावर एक पट्टा असा असतो जिथून सूर्य थोडा दिसतो आणि थोडा झाकलेला असतो. पुस्तकात त्याला उपच्छाया म्हणतात, आणि तिचा उल्लेख फक्त ग्रहणाच्या आकृतीत येतो. खरं तर प्रत्येक सावलीला उपच्छाया असते. तिची रुंदीही त्याच प्रमाणात वाढते, वस्तूपासून दर मीटरला सव्वानऊ मिलिमीटर. हाताचा पंजा जमिनीजवळ धरला तर बोटं स्पष्ट, वर उचलला की बोटांच्या कडा पसरून एकमेकींत मिसळतात.

एकदा असाच सावल्यांचा तास चालू असताना एका मुलानं विचारलं, "बाई, तारेवरच्या कावळ्याची सावली पडते, मग तारेची का नाही?" आम्ही सगळे बाहेर रस्त्याकडेला जाऊन उभे राहिलो. खरंच, मातीवर कावळ्याचा एक काळपट डाग होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तार जिथे असायला हवी तिथे लख्ख ऊन. खूप वेळ टक लावून पाहिल्यावर एक अगदी फिकट, चार बोटं रुंद पट्टा दिसल्यासारखा झाला.

तार एक सेंटिमीटर जाड धरली तर तिची गडद सावली, प्रच्छाया, निमुळती होत जेमतेम एक मीटरभर जाते आणि संपते. त्याच्या खाली कुठेही उभं राहिलं तरी एवढीशी तार सूर्याचं अख्खं बिंब झाकू शकत नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी सूर्य दिसतोच. तार जमिनीपासून सहा-सात मीटर उंच. कावळ्याचं अंग दहा-बारा सेंटिमीटर रुंद, त्याची प्रच्छाया दहा मीटरच्या पुढे जाते, म्हणून ती जमिनीला टेकते. घार खूप उंच गेली की तिची सावली का हरवते, ढगाएवढ्या उंचीवरच्या विमानाची सावली अंगणात का पडत नाही, याचं उत्तर त्या तारेत आहे.

आणि चंद्र? त्याची प्रच्छाया सरासरी पावणेचार लाख किलोमीटर लांब असते. तो पृथ्वीपासून कधी तीन लाख साठ हजार किलोमीटरवर असतो, कधी चार लाखांच्या पुढे. जवळ असताना सावली जमिनीला टेकते आणि खग्रास ग्रहण होतं, दूर असताना सावलीचं टोक वरच संपतं आणि चंद्राच्या भोवतीनं सूर्याचं कंकण उरतं. कंकणाकृती ग्रहणात चंद्राची गत तारेसारखी होते, खग्रास ग्रहणात कावळ्यासारखी. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा प्रश्न विचारणारा मुलगा काही बोलला नाही, पण त्यानं वहीत चंद्राच्या जागी कावळा काढला, आणि ती आकृती मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त बरोबर वाटली.

१५ जानेवारी २०१० चं ग्रहण असंच कंकणाकृती होतं. हिंदी महासागरावर ते कंकण ११ मिनिटांहून जास्त वेळ टिकलं, आपल्याकडे कन्याकुमारी-रामेश्वरच्या भागात दिसलं, आणि महाराष्ट्रात खंडग्रास. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत, त्यात अमावास्या आणि ग्रहण. कितीतरी घरांनी मुलांना बाहेर सोडलं नव्हतं. जी आली ती दुपारी एकच्या सुमारास अंगणातल्या कडुनिंबाखाली गोळा झाली होती. एरवी तिथे कवड्यांसारखे विखुरलेले गोल असतात, त्या दिवशी सगळ्या जमिनीवर कोरी होत्या. एकीनं वहीचं पान पसरलं, दुसरा पोषण आहाराचं धान्य चाळायची चाळण घेऊन आला आणि चाळणीच्या प्रत्येक भोकाखाली एक चावलेला सूर्य उमटला. सूर्याकडे डोळे वर करून बघायचं नाही, ही ताकीद त्या दिवशी द्यावीच लागली नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रात पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. श्रावणाच्या तोंडावर आभाळ मोकळं मिळणं कठीण, तरी चाळण हाताशी असू द्यावी.

भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखालीच राहते, त्या शून्य सावलीच्या दिवसाची बातमी हल्ली दर वर्षी येते, पुण्यात १३ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या सुमारास. ती यावीच. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि तोच योग जुलैत परत येतो तेव्हा पाऊस. कवडसा आणि खांबाची सावली मात्र शाळेच्या वेळात, रोज.

ठिपक्यासारखा दिवा खोटा असतो असं नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत छायेचं एक प्रकरणच दिलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या कुळाची माहिती आहे, त्यामुळे आम्ही त्यांना आपल्याकडचेच मानतो. लीलावतीतलं एक उदाहरण असं: दिव्याची उंची साडेतीन हात, दिव्यापासून तीन हातांवर १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, तर सावली किती? एका हाताचे २४ अंगुळ. उत्तर येतं १२ अंगुळ, शंकूच्या उंचीएवढं. आम्ही अंगुळांऐवजी सेंटिमीटर घेतो. मोबाइलचा टॉर्च जमिनीपासून ८४ सेंटिमीटरवर, तिथून ७२ सेंटिमीटरवर बारा सेंटिमीटरांची पेन्सिल उभी. सावली बाराच्या आसपास भरते आणि तिची कड बऱ्यापैकी स्वच्छ असते, कारण टॉर्चचा उजेडाचा ठिपका खरंच लहान असतो. त्याच पेन्सिलच्या दोन सावल्या, एक टॉर्चची आणि एक उन्हातली, शेजारी शेजारी बघितल्या की दिव्याचा आणि सूर्याचा फरक पुन्हा बोलून दाखवावा लागत नाही.

आरसा मी शेवटी काढते, कारण तो हातात आला की मुलं दुसरं काही ऐकत नाहीत. आरशाच्या तुकड्यावर चौकोनी खिडकी कापलेला कागद चिकटवायचा, बोटाच्या नखाएवढी खिडकी. ऊन घेऊन कवडसा जवळच्या भिंतीवर टाकला तर चौकोन. अंगण ओलांडून लांबच्या सावलीतल्या भिंतीवर टाकला तर गोल, दहा मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटरांचा. म्हणजे आरशाचा तुकडा हे एक भोकच आहे, फक्त वाट वळवणारं. तुकडा जरासा फिरवला की कवडसा त्याच्या दुप्पट कोनातून पळतो, म्हणून तो हातात स्थिर ठेवणं एवढं अवघड जातं. कुणाच्या डोळ्यांवर तो टाकायचा नाही, ही एकच अट. आणि भिंत? ती खडबडीत म्हणून उजेड सगळीकडे उधळते, आणि म्हणूनच वर्गातल्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या मुलाला तो गोल दिसतो. भिंतीच्या जागी मोठा आरसा असता तर तो फार थोड्यांना दिसला असता. नियमित आणि अनियमित परावर्तन याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

आठवीच्या मुलांसाठी मी एक गोष्ट राखून ठेवते. न्यूटननं अंधाऱ्या खोलीच्या खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं भोक पाडलं, भोकापाशी काचेचा लोलक, म्हणजे प्रिझम, धरला आणि २२ फुटांवरच्या भिंतीवर पडलेला रंगीत पट्टा बघितला. सगळेजण त्या रंगांची गोष्ट सांगतात. १६७२ साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात न्यूटन मात्र वेगळ्याच गोष्टीनं चकित झालेला दिसतो. पट्टा लांबट होता. तेव्हाच्या नियमांप्रमाणे तो गोल असायला हवा होता. त्यानं मोजला, रुंदी २⅝ इंच, लांबी १३¼ इंच, म्हणजे पाचपट.

इथे मी मुलांना थांबवते आणि आपल्या प्रमाणानं हिशोब करायला लावते. २२ फूट म्हणजे २६४ इंच, भागिले १०७, जवळजवळ अडीच इंच. त्यात भोकाचा पाव इंच मिळवला की पावणेतीनच्या आत-बाहेर. रुंदी तर जुळली. न्यूटननं स्वतःही रुंदीतून भोकाचा पाव इंच वजा करून सूर्याचा कोन काढला होता, ३१ कला (एका अंशाच्या साठ कला), आणि तो सूर्याच्या खऱ्या बिंबाएवढाच आला. मग लांबी एवढी कुठून आली? कवडसा गोल असायला हवा हे ज्याला पक्कं माहीत होतं त्यालाच हा प्रश्न पडू शकत होता. त्या प्रश्नाच्या मागे जाऊन त्याला कळलं की लोलकातून प्रत्येक रंग वेगवेगळा वळतो आणि भिंतीवर एका सूर्याच्या जागी रंगारंगाच्या सूर्यांची रांग लागते.

या वर्षी सातवीच्या एका मुलीनं चंद्राबद्दल विचारलं. पौर्णिमेचा चंद्रही आकाशात सूर्याएवढाच दिसतो, मग त्याचाही कवडसा गोल पडत असणार, आणि सप्तमी-अष्टमीला अर्धा, ग्रहण नसतानाही. तर्क अगदी बरोबर आहे. अडचण उजेडाची. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाख पट फिकं असतं, अर्ध्या चंद्राचं त्याहूनही कितीतरी कमी. भोक नखाएवढं मोठं ठेवावं लागेल, समोर चार मीटरवर पांढरा कागद, आजूबाजूला रस्त्याचा दिवा नको आणि डोळे अर्धा तास अंधाराला सरावलेले हवेत. तिच्या आजोळी वाडीवर जुनं पत्र्याचं खोपट आहे, तिथे दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिचा मामा हे करून बघणार आहेत. मी तिला पुठ्ठा कापून दिला आहे आणि वहीत आधीच लिहून ठेवायला सांगितलं आहे की अर्ध्या चंद्राची उजळ बाजू कागदावर कुठे पडेल. तिनं लिहिलं, "आकाशात आहे त्याच्या उलट."